पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगानंतर लघवीची मंद धार : कारणे, उपाय व सावधगिरी



बऱ्हाणपूर आणि बहादरपूर परिसरातील माणसास वाहत्या पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीच्या काळात, इ.स. १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने बऱ्हाणपूर शहरात आणण्याची व्यवस्था झाली. तीच कुंडी भंडारा होय. शंभराहून अधिक कुंड्या एका जमिनीखालच्या वाटेने जोडलेल्या आहेत आणि पाणी केवळ उताराच्या बळावर पुढे सरकते. या वाटेत चुन्याची पुटे चढली किंवा गाळ साचला की पाणी बंद पडत नाही. ते हळूहळू कमी होते. ते आटले असे समजून लोक गप्प बसले, तर मागे पाणी तुंबत राहते. वाट कोठे अरुंद झाली, हे शोधणाऱ्यासच ती मोकळी करता येते.

मनुष्याच्या शरीरातील मूत्रमार्गाची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘प्रोस्टेट’ म्हणतात, तिच्या कर्करोगावर उपचार घेऊन घरी परतलेल्या अनेक पुरुषांच्या लघवीची धार पुढे मंद होते. ही तक्रार बहुधा कोणी बोलून दाखवीत नाही. ती का उद्भवते, घरी काय करता येते, आणि कोणत्या क्षणी रुग्णालय गाठावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मौनाचा धोका

बहादरपूरसारख्या गावातील सत्तरी गाठलेला एखादा केळी उत्पादक डोळ्यांसमोर आणावा. दोन वर्षांपूर्वी त्याने मोठ्या शहरात जाऊन किरणोपचार घेतले. घरच्यांनी जमीन गहाण न ठेवता कसाबसा खर्च निभावला, आणि रोग आटोक्यात आला म्हणून गावात पेढे वाटले. आता त्याला लघवीस वेळ लागतो. धार बारीक झाली आहे, मध्येच तुटते, आणि उठल्यावर धोतर ओले होते. मुलाला सांगावे तर तो पुन्हा खर्चात पडेल. सुनेसमोर हा विषय काढणे शक्य नाही. “जीव वाचला, आता एवढे भोगायचेच,” अशी तो मनाची समजूत घालतो. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पितो. लग्नकार्यास जाणे टाळतो, एस.टी.चा प्रवास टाळतो, पारावर बसणे टाळतो.

असा गृहस्थ कोणत्याही गावात असू शकतो, आणि त्याचे हे मौन त्याला महागात पडते. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर शिल्लक राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि तुंबलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांवर पडतो. मूत्रपिंड निकामी होत असताना प्रारंभी काहीच दुखत नाही. कर्करोगातून वाचलेला माणूस तुंबलेल्या लघवीमुळे मूत्रपिंड गमावून बसावा, ही टाळता येण्याजोगी हानी आहे. मंद धार ही जीव वाचल्याची किंमत नव्हे. ती एक स्वतंत्र तक्रार आहे, तिला कारण असते आणि बहुतेक वेळा तिच्यावर उपाय असतो.

या विषयाची ओळख आपल्या देशास प्राचीन काळापासून आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘मूत्राघात’ या नावाखाली लघवी अडण्याच्या बारा प्रकारांचे वर्णन आहे. लघवी अडणे हा एकच रोग नसून त्याची कारणे अनेक आहेत, हे त्या काळच्या वैद्यांनी ओळखले होते. आजच्या रुग्णानेही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

धार मंद का होते ?

पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, सुमारे अक्रोडाएवढ्या आकाराची असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीतून पाणी कमी पडू लागले, तर जाणता शेतकरी एकदम नळीच बदलत नाही. तो प्रथम पंपाचा जोर पाहतो, नंतर गाळणी आणि झडप पाहतो, आणि शेवटी नळी कोठे चोंदली ते तपासतो. शरीरातही पंप म्हणजे मूत्राशयाचा स्नायू, झडप म्हणजे लघवी रोखून धरणारा स्नायू, आणि नळी म्हणजे मूत्रमार्ग. दोष यांपैकी कोठेही असू शकतो, आणि कोणता उपचार झाला होता त्यावरून तो कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो.

शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली असेल, तर मूत्राशयाचे तोंड आणि मूत्रमार्ग एकमेकांस शिवून जोडलेले असतात. जखम भरताना त्या जोडावर कठीण वण तयार होऊन वाट आकसते. असे काही थोड्याच रुग्णांत घडते आणि बहुधा पहिल्या वर्षाच्या आत लक्षात येते. नळी काढल्यानंतर प्रथम धार चांगली होती आणि काही महिन्यांनी ती क्रमाने बारीक होत गेली, तर या कारणाचा विचार प्रथम करावा लागतो.

किरणोपचार झाले असतील, तर दोन वेगवेगळे काळ ओळखले पाहिजेत. उपचार चालू असताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ग्रंथीस सूज येते, जळजळ होते आणि धार मंदावते. ही तक्रार बहुतांशी आपोआप ओसरते. याउलट दोन-तीन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा मंद झालेली धार ही मूत्रमार्ग आखडल्याची खूण असू शकते. किरणांमुळे त्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो व लवचीकपणा जातो. ग्रंथीच्या आतच किरणोत्सर्गी कण बसवून केलेल्या उपचारानंतर असे आखडणे तुलनेने अधिक आढळते.

संप्रेरकांवर आधारलेल्या उपचारांचा परिणाम निराळा आहे. पुरुषसंप्रेरकाचा पुरवठा तोडल्यास हा कर्करोग आकसतो, हे चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदाने १९४१ मध्ये दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. अंडग्रंथी काढण्याची लहान शस्त्रक्रिया किंवा ठरावीक मुदतीने घ्यावयाची इंजेक्शने, या दोन्हींचे मूळ त्याच शोधात आहे. या उपचाराने ग्रंथी लहान होते आणि धार बहुधा सुधारते. म्हणूनच असा उपचार चालू असताना सुधारलेली धार पुन्हा मंद झाली, तर रोगाने डोके वर काढले आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

याखेरीज काही कारणे कर्करोगाशी संबंधित नसतात. अनेक वर्षे अडथळ्याविरुद्ध काम केल्याने, अथवा जुन्या मधुमेहाने, मूत्राशयाचा स्नायू थकतो. जुनाट बद्धकोष्ठ धार कमी करते. सर्दीपडशावरील काही गोळ्या, झोपेच्या व नैराश्यावरील काही गोळ्या आणि तीव्र वेदनाशामके यांमुळेही लघवी अडते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे, दुकानातून परस्पर आणलेली देखील, पिशवीत घालून बरोबर न्यावीत.

गळणे आणि अडणे यांत गल्लत नको

या रुग्णांत दोन परस्परविरुद्ध तक्रारी आढळतात. एक म्हणजे लघवी गळणे आणि दुसरी म्हणजे लघवी अडणे. शस्त्रक्रियेनंतर झडप दुर्बल झाल्याने खोकताना, ओझे उचलताना थेंब गळतात. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम सांगितला जातो. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम स्त्रियांसाठी प्रसिद्ध केला आणि पुढे तो पुरुषांनाही उपयुक्त ठरला. परंतु हा व्यायाम गळती थांबविण्यासाठी आहे. आखडलेली वाट त्याने मोकळी होत नाही. लघवी करीत असताना तर तो मुळीच करू नये, कारण त्या वेळी स्नायू सैल सुटणे आवश्यक असते.

तिसरी अवस्था फसवी आहे. मूत्राशय गच्च भरलेले असते आणि भरलेल्या रांजणातून पाणी ओसंडावे तसे थेंब सतत गळत राहतात. घरच्यांना वाटते की लघवी होते आहे, उलट जास्तच होते आहे. प्रत्यक्षात ती पूर्ण तुंबलेली असते. बेंबीच्या खाली पोट फुगलेले व टणक लागत असेल आणि थेंब थांबत नसतील, तर ही अवस्था समजून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

घरी करावयाची नोंद

“धार बारीक झाली” एवढ्या सांगण्यापेक्षा मोजलेला आकडा डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो. यासाठी खर्चाची गरज नाही. जुन्या प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या बरणीवर औषधाच्या मापाने ५०-५० मिलिलिटरच्या खुणा कराव्यात. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी त्या बरणीत करून वेळ, प्रमाण आणि लागलेले सेकंद वहीत टिपावेत. रात्री किती वेळा उठावे लागले, किती पाणी व चहा घेतला, धार मध्ये तुटली काय, हेही लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी नातवंडे किंवा गावातील शिक्षक ही वही तयार करून देऊ शकतात.

रुग्णालयात यंत्राच्या साहाय्याने धारेचा वेग मोजतात. किमान १५० मिलिलिटर लघवी झाली असता धारेचा सर्वाधिक वेग सेकंदास १५ मिलिलिटर किंवा अधिक असेल, तर वाट बहुधा मोकळी समजतात. तो १० च्या खाली असेल तर अडथळा किंवा थकलेला स्नायू यांचा संशय येतो. लघवी झाल्यावर लगेच पोटाची सोनोग्राफी करून आत किती शिल्लक राहिली ते पाहतात. ५० ते १०० मिलिलिटर शिल्लक सहसा काळजीची मानीत नाहीत. ती पुनःपुन्हा २०० ते ३०० च्या वर जात असेल तर लक्ष घालावे लागते. लघवीतील जंतूंची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि पी.एस.ए. या चाचण्या त्याबरोबरच होतात. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णात पी.एस.ए.चा आकडा जवळजवळ शून्यावर असावयास हवा. आखडलेली जागा प्रत्यक्ष पाहण्यासाठी दुर्बीण किंवा औषध सोडून काढलेले क्ष-किरण चित्र उपयोगी पडते.

दैनंदिन उपाय

मंद धारेच्या रुग्णाने लघवीस घाई करू नये. उभ्याने करण्याऐवजी बसून केल्यास अनेकांचे मूत्राशय अधिक रिकामे होते. पाय जमिनीवर टेकवून, श्वास संथ ठेवून स्नायू सैल सोडावेत. नळाची बारीक धार सोडून तिचा आवाज ऐकणे किंवा मांड्यांवर कोमट पाणी ओतणे, हे जुने उपाय आजही उपयोगी पडतात. एकदा लघवी झाल्यावर उठण्याची घाई न करता दोन-तीन मिनिटे थांबावे आणि पुन्हा एकदा प्रयत्न करावा. राहिलेली लघवी या दुसऱ्या खेपेस उतरते.

कुंथणे मात्र टाळावे. जोर लावल्याने आखडलेली वाट उघडत नाही. अंतर्गळ व मूळव्याध यांचा त्रास तेवढा वाढतो. शेवटचे थेंब नंतर कपड्यात गळतात, त्यासाठी अंडकोशाच्या मागील भागावर बोटांनी हलका दाब देऊन तो पुढे आणावा, म्हणजे मार्गात अडकलेले थेंब तेथेच निघून जातात. दिवसा दर तीन-चार तासांनी, जाणीव नसली तरी, लघवीस जावे. मूत्राशय अति ताणले गेले की त्याचा जोर आणखी कमी होतो.

पाणी कमी पिणे ही सर्वांत मोठी चूक होय. तापीकाठच्या उन्हाळ्यात, शेतात किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या शरीरातील पाणी घामावाटे जाते. तशात पाणी तोडल्यास लघवी गडद व दाहक होते आणि खडे व जंतू यांना वाव मिळतो. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी दिवसभरात थोडे थोडे घ्यावे. झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास मात्र कमी प्यावे. सायंकाळनंतर चहा टाळावा आणि मद्य वर्ज्य करावे. धार मोकळी व्हावी म्हणून एका दमात तांब्याभर पाणी पिणेही चुकीचे आहे. अरुंद वाटेवर एकदम लोंढा सोडल्यास ती तुंबते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पोट साफ राहणे आवश्यक आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, पपई आणि आवश्यक तर इसबगोल यांचा उपयोग करावा. दिवसा पायांवर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडावे, म्हणजे रात्री उठणे कमी होते. रात्री उठताना अंधारात पडून मांडीचे हाड मोडण्याची भीती असते, विशेषतः संप्रेरक उपचाराने हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांत. बिछान्याजवळ दिवा आणि लघवीचे भांडे ठेवावे.

डॉक्टरांकडील उपचार

ग्रंथी जागेवर असेल आणि तिचा स्नायू आवळलेला असेल, तर टॅमसुलोसिन किंवा अल्फुझोसिन यांसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी मूत्राशयाचे तोंड सैल होते. या गोळ्यांनी अचानक उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते, म्हणून अंथरुणातून हळूहळू उठावे. आणखी एक गोष्ट गावोगावच्या नेत्रशिबिरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या गोळ्या घेणाऱ्याने, किंवा पूर्वी घेतलेल्यानेही, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञास ते आवर्जून सांगावे. कारण त्यांच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातील बुबुळ ढिले पडते. अगोदर कळल्यास नेत्रतज्ज्ञ योग्य ती तयारी ठेवतात.

वणामुळे वाट आखडली असेल तर गोळ्यांनी ती उघडत नाही. अशा वेळी भूल देऊन ती जागा रुंद करतात किंवा दुर्बिणीतून तिला छेद देतात. आखडणे परत येण्याची शक्यता असते. एकदोनदा परत आल्यास उपचार फसला असे समजून निराश होऊ नये. वारंवार परत येणाऱ्या अडथळ्यात मूत्रमार्गाची पुनर्रचना करता येते, आणि त्यासाठी पुष्कळदा गालाच्या आतील अस्तराचा तुकडा वापरतात. मात्र किरणोपचार झालेल्या भागावरील कोणत्याही शस्त्रक्रियेत जखम भरून येण्यास वेळ लागतो, आणि वाट मोकळी केल्यावर लघवी गळू लागण्याचा संभव असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी “याने गळती होईल काय ?” हा प्रश्न रुग्णाने संकोच न करता विचारावा.

मूत्राशयाचा स्नायूच थकला असेल, अथवा रुंद केलेली वाट उघडी ठेवावयाची असेल, तर रुग्णास स्वतः नळी घालून लघवी काढण्यास शिकवितात. हे ऐकून प्रथम कोणालाही भीती वाटते. परंतु अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, यासाठी शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेची आवश्यकता नाही. साबणाने धुतलेले स्वच्छ हात व स्वच्छ नळी पुरेशी असते, आणि मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे होणे हेच जंतूंपासूनचे मोठे संरक्षण आहे. नळीस पाण्यात विरघळणारी जेली लावावी, तेल लावू नये. दिवसातून किती वेळा आणि कोणत्या मापाची नळी वापरावी हे डॉक्टर ठरवितात. प्रशिक्षित परिचारिकेकडून शिकल्याशिवाय हा प्रयोग घरी करू नये. ज्यांच्या बाबतीत हेही शक्य नसते, त्यांना ओटीपोटातून बसविलेल्या नळीने आराम मिळतो.

काय करू नये

भिंतींवरील जाहिराती वाचून गुप्तपणे औषधे देणाऱ्यांकडे जाऊ नये. ‘लघवी साफ होण्याचे’ म्हणून दिलेले औषध लघवीचे प्रमाण वाढविणारे असेल, तर अडलेल्या मूत्राशयावर आणखी भार पडतो. मूत्रमार्गात काडी, पीस किंवा अन्य वस्तू घालण्याचा अघोरी प्रकार कधीही करू नये. कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास नळी घालण्यापूर्वी ती हकिकत डॉक्टरांना सांगावी; नव्याने जोडलेल्या मार्गात जबरदस्तीने नळी घातल्यास जोड फाटू शकतो. यासाठी रुग्णालयातून मिळालेले कागद, निदान त्यांची एक प्रत, नेहमी हाताशी ठेवावी.

पुढील लक्षणे दिसताच सकाळची वाट पाहू नये :

१. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोटात कळा येणे.
२. थंडी वाजून ताप येणे.
३. लघवीत रक्ताच्या गाठी पडणे.
४. पाठीत सतत दुखून पायांतील बळ जाणे, अथवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे.
५. चेहरा व पाय सुजून मळमळ व ओकाऱ्या होणे.

यांपैकी चौथे लक्षण विशेष गंभीर आहे. हा कर्करोग पाठीच्या मणक्यांत पसरून मज्जारज्जूवर दाब आणू शकतो, आणि तेव्हा लघवी अडणे ही त्याची खूण असते. अशा वेळी काही तासांच्या विलंबानेही पाय कायमचे लुळे पडू शकतात. पाठदुखी म्हणून मालिश करीत बसणे येथे घातक ठरते.

सोयी व सवलती

बऱ्हाणपूर हे मुंबई–भुसावळ–खंडवा–इटारसी या लोहमार्गावरील स्थानक आहे. त्यामुळे येथील रुग्णास मुंबईकडे आणि मध्य प्रदेशातील मोठ्या शहरांकडे जाण्याचा मार्ग खुला आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या एका सोबत्यास विहित प्रमाणपत्रावर रेल्वेभाड्यात सवलत मिळते. मात्र प्रत्येक वेळी दूरच्या शहरी जाण्याचे कारण नाही. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि अडलेली लघवी काढणे ही कामे जिल्हा पातळीवर होऊ शकतात; तेथून आवश्यकतेप्रमाणे रुग्णास मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठविता येते.

आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. पात्र कुटुंबास रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, हा लाभ खुला झाला आहे. या रोगाचे बहुतेक रुग्ण वयोवृद्ध असल्याने ही तरतूद त्यांच्या विशेष उपयोगाची आहे. कोणता उपचार योजनेत बसतो, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयात किंवा १४५५५ या दूरध्वनी क्रमांकावर विचारून घ्यावे.

कुटुंबाचे व गावाचे कर्तव्य

मंद धारेचा रुग्ण लघवीस दहा मिनिटे लावतो तेव्हा बाहेरून दार वाजवू नये. त्याने पुन्हा उठावयाचे म्हटले तर त्रासिक चेहरा करू नये. पत्नीने, मुलाने किंवा जवळच्या मित्राने महिन्यातून एकदा तरी “लघवी नीट होते ना ?” असे साध्या शब्दांत विचारावे. जेवला का, झोपला का, असे विचारण्यात जसा संकोच नाही, तसा यातही नसावा.

ग्रामपंचायत, शाळा, बाजाराचे आवार आणि बसस्थानक येथे वृद्धांना बसून वापरता येईल असे, पाण्याची सोय व आधाराचा गज असलेले स्वच्छ शौचालय असणे ही चैन नव्हे. त्याच्या अभावी कित्येक वृद्ध घराबाहेर पडणेच सोडतात. बसचालकाने वाटेत दोन मिनिटे थांबणे, सभेत अशा व्यक्तीस दाराजवळची जागा देणे, कार्यालयात त्याचे काम रांगेत न ताटकळविता उरकणे, या गोष्टींस कोणत्याही अनुदानाची गरज नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रक्तदाब व मधुमेहाच्या नोंदी घेताना कर्करोगाचे उपचार झालेल्या पुरुषांस लघवीविषयी एक प्रश्न आवर्जून विचारावा.

प्रारंभी उल्लेखिलेला तो वृद्ध केळी उत्पादक आपल्या बागेतील एका ठिबकनळीतून पाणी कमी पडले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाही. तो नळी तपासील, कारण झाड सुकण्याच्या आधी पाणी पोहोचले पाहिजे हे तो जाणतो. तीच तत्परता त्याने स्वतःच्या देहाविषयी दाखवावी. तीन दिवसांची एक वही, औषधांची एक पिशवी, जुने कागद आणि मुलाला सांगितलेले एक वाक्य, एवढ्या साहित्यानिशी तो दवाखान्याची पायरी चढला, तरी त्याच्या मूत्रपिंडांच्या रक्षणाचे निम्मे काम झाले असे समजावे.